प्रादेशिक पाण्याचा ताळेबंद: आकडे कमी, पण नेमके

प्रदेशाचा पाण्याचा ताळेबंद करायचे ठरले की पहिली पत्रे जातात ती माहिती मागवणारी. पाटबंधारे, कृषी, भूजल, नगरपालिका, वीज, हवामान अशा प्रत्येक खात्याकडून जे मिळेल ते गोळा होते. काही महिन्यांनी फाइलींचा ढीग लागतो, पण त्यातल्या निम्म्या आकड्यांचा ताळेबंदात उपयोगच नसतो आणि खरोखर लागणारे दोन-तीन आकडे कुणी मोजलेलेच नसतात. म्हणून क्रम उलटा ठेवावा. हाताशी आहे तेवढ्यावर आधी कच्चा ताळेबंद मांडावा, त्यातली सगळ्यात मोठी शंका कुठे आहे ते बघावे आणि नवी माहिती फक्त तिथली गोळा करावी.

प्रश्न आणि हद्द

ताळेबंद कोणत्या निर्णयासाठी आहे ते एका वाक्यात, आकड्यासकट लिहून काढा. उदाहरणार्थ, ‘दरवर्षी आणखी ५ दलघमी (दशलक्ष घनमीटर) उपसा वाढवला तर भूजल टिकेल का?’ असा प्रश्न असेल तर ५ दलघमीचा फरक ओळखता येईल इतकी अचूकता लागेल. ‘पाण्याची स्थिती जाणून घेणे’ एवढाच उद्देश लिहिला तर कोणती माहिती पुरेशी आहे हे कधीच ठरत नाही.

हद्द पाणलोटाची घ्या. जिल्हा-तालुक्याच्या सीमेवरून पाणी कुठेही ये-जा करते आणि ते मोजायला जागाच नसते. पाणलोटाचे पाणी मात्र बहुतेक एकाच तोंडातून बाहेर पडते. उपग्रहावरून केलेले ३० मीटर जाळीचे उंचीचे नकाशे मोफत मिळतात, त्यांवरून ही हद्द कोणत्याही नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये काढता येते. सपाट भागात ती जागेवर जाऊन तपासावीच लागते, कारण कालवा, रेल्वेचा भराव किंवा महामार्ग पाण्याची दिशा बदलतो आणि हे त्या नकाशावर दिसत नाही. लोकसंख्या आणि पिकांचे आकडे प्रशासकीय हद्दीनुसार मिळतात. त्यांची विभागणी करताना पिकांसाठी शेतजमिनीचे क्षेत्र धरा आणि लोकसंख्येसाठी प्रत्यक्ष वस्त्या कोणत्या बाजूला आहेत ते पाहा. निव्वळ क्षेत्रफळाच्या प्रमाणात लोकसंख्या वाटली तर हद्दीवरचे एखादे शहर अर्धे आत, अर्धे बाहेर पडते.

वर्ष जानेवारीत सुरू करू नका. जमिनीतला आणि धरणांतला साठा सर्वात कमी असतो तो दिवस, म्हणजे पावसाळा सुरू होण्याच्या अगदी आधीचा दिवस, जलवर्षाची सुरुवात धरा. त्या वेळी मातीतला ओलावाही जवळजवळ तळाला गेलेला असतो, त्यामुळे त्याचा वर्षावर्षातला फरक दुर्लक्षित करता येतो. एक मोठी मोजणी वाचते.

कच्चा ताळेबंद

समीकरण एकच आहे: पाऊस अधिक बाहेरून येणारे पाणी, वजा हवेत जाणारे पाणी (बाष्पीभवन आणि पिके-झाडांचे पर्णोत्सर्जन, यापुढे ‘ईटी’), वजा प्रदेशाबाहेर वाहून जाणारे पाणी, बरोबर साठ्यातील बदल. सगळे आकडे दलघमीत आणा. चौरस किलोमीटर गुणिले मिलिमीटर भागिले १००० केले की दलघमी मिळतात. १ हेक्टरवर १ मिमी पाणी म्हणजे १० घनमीटर. अहवालांत टीएमसी आले तर १ टीएमसी म्हणजे २८.३२ दलघमी, आणि एकर-फूट आले तर १ एकर-फूट म्हणजे सुमारे १२३३ घनमीटर.

४०० चौ.किमी.चा एक काल्पनिक प्रदेश घेऊ. प्रत्येक आकड्यापुढे शंकेची मर्यादाही लिहायची, ती अंदाजाने असली तरी चालेल:

- पाऊस ७५० मिमी, म्हणजे ३०० दलघमी (± ३०)
- वरच्या बाजूने नदीतून येणारे ४० (± ४)
- ईटी २२५ (± ३४)
- नदीतून बाहेर जाणारे ९८ (± १०)
- मोजलेला साठ्यातील बदल: भूजल उणे ९.६, तलाव उणे २.४, एकूण उणे १२ (± ५)

आवक ३४० आणि जावक ३२३, म्हणजे हिशेबाने १७ दलघमी साठा वाढायला हवा होता. मोजणी सांगते की तो १२ने घटला. फरक २९ दलघमी, आवकेच्या साडेआठ टक्के. हा ताळेबंद चुकला का? शंकांचे वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ काढा: ९०० + १६ + ११५६ + १०० + २५ = २१९७, वर्गमूळ सुमारे ४७. फरक २९ आहे, तो ४७च्या आत बसतो. म्हणजे आकडे एकमेकांशी भांडत नाहीत.

या बेरजेत आणखी एक गोष्ट दिसते. २१९७ पैकी पाऊस आणि ईटी या दोघांचा वाटा २०५६, म्हणजे सुमारे ९४ टक्के. नदीची मोजणी दुप्पट अचूक केली तरी एकूण शंका जवळपास तेवढीच राहील. आणि घरगुती वापर? दोन लाख लोक, दरडोई रोज १०० लिटर, म्हणजे वर्षाला ७.३ दलघमी. त्यातले साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन परत जमिनीत किंवा नदीत जाते, म्हणजे खरोखर खर्ची पडते ते दीड दलघमीच्या आसपास. ईटीतली नुसती शंका याच्या वीसपटीहून जास्त आहे. तरीही सर्वाधिक वेळ खर्च होतो तो घरगुती वापराचे वॉर्डनिहाय तक्ते जमवण्यात, कारण ते आकडे सहज मिळतात. पिण्याच्या पाण्याचे नियोजन स्वतंत्रपणे महत्त्वाचे आहेच, आणि तिथे हे तक्ते लागतील. प्रादेशिक ताळेबंदासाठी लोकसंख्या गुणिले एक दर, एवढे पुरते.

तिसरी गोष्ट सर्वात महत्त्वाची. ‘आवक वजा जावक’ करून भूजलातील घट काढू नका. त्या वजाबाकीची शंका ± ४७ आहे आणि शोधायचा आकडा १२ आहे. विहिरींतून थेट मोजलेल्या घटीची शंका ± ५ आहे. दोन मोठ्या आकड्यांच्या वजाबाकीतून लहान आकडा काढला की तो हमखास फसवतो. ज्या आकड्यावर निर्णय अवलंबून आहे तो थेट मोजावा, आणि बाकीचा ताळेबंद त्याची पडताळणी म्हणून वापरावा.

एकच पाणी दोनदा मोजणे

ताळेबंद बिघडण्याचे हे पहिले कारण आहे. प्रदेशातल्याच विहिरीतून उपसून प्रदेशातल्याच शेताला दिलेले पाणी ही अंतर्गत उलाढाल आहे. ते पाणी पिकांच्या ईटीमध्ये आधीच आलेले असते. उपसा आणि पिकांची ईटी अशा दोन्ही ओळी जावकेत लिहिल्या की तूट मोठी दिसते आणि ती खोटी असते. उपशाची ओळ फक्त भूजलाच्या स्वतंत्र ताळेबंदात येते. तिथे पुनर्भरण ही आवक, उपसा आणि नदीला मिळणारे झरे ही जावक.

कालव्याच्या गळतीचेही तसेच. कालव्याच्या हिशेबात ती तूट असते, भूजलाच्या हिशेबात पुनर्भरण असते आणि संपूर्ण प्रदेशाच्या हिशेबात ती कुठेच येत नाही. म्हणून कालवा पक्का करून ‘वाचवलेले’ पाणी नवीन मोजण्याआधी त्या गळतीवर किती विहिरी चालत होत्या ते पाहावे. ठिबक सिंचनालाही हाच नियम लागू आहे. ठिबकने उपसा घटतो, पण पूर्वी खाली झिरपून परत येणारे पाणीही घटते. आणि वाचलेल्या पाण्यावर क्षेत्र वाढवले तर ईटी वाढते, भूजल आणखी खाली जाते. नियोजनाच्या कागदावर ही बचत म्हणून लिहिण्याआधी ईटी कमी झाली का, एवढे एकच विचारावे.

पाऊस

पर्जन्यमापक आजूबाजूच्या अडथळ्यापासून त्या अडथळ्याच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर हवा. जुन्या केंद्राशेजारी झाड वाढले किंवा इमारत आली की नोंद हळूहळू कमी होत जाते आणि पाऊस घटला असे वाटते. हे ओळखायला शेजारच्या तीन-चार केंद्रांच्या सरासरीची वर्षावर्षाची चढती बेरीज आडव्या अक्षावर आणि संशयित केंद्राची उभ्या अक्षावर मांडा. रेघ सरळ असेल तर केंद्र ठीक आहे. एखाद्या वर्षापासून ती वाकली असेल तर त्या वर्षी केंद्राच्या जागेत किंवा यंत्रात काहीतरी बदलले आहे.

दैनिक नोंदींत सर्वात घातक चूक म्हणजे न घेतलेली नोंद शून्य म्हणून लिहिणे. सुट्टीच्या दिवशी शून्य आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही दिवसांचा पाऊस एकत्र, अशी जोडी दिसली तर वर्षाची बेरीज बरोबर असते, रोजचा आकडा चुकलेला असतो. सलग दिवस शून्य आणि शेजारच्या केंद्रांवर पाऊस, असे असेल तर बेरीजही चुकलेली असते. अशा जागा रिकाम्या ठेवून शेजारच्या केंद्रांवरून भरा आणि ‘अंदाज’ अशी खूण करा.

केंद्रे विरळ असतील तर उपग्रहावर आधारित पर्जन्यमाहिती वापरता येते. चर्प्स ही मालिका १९८१ पासूनची आहे आणि तिचा चौकोन साधारण साडेपाच किलोमीटरचा आहे. डोंगराळ भागात असे आकडे बरेचदा कमी भरतात. म्हणून आहे त्या पर्जन्यमापकांशी महिन्याच्या बेरजा ताडून गुणक काढा आणि मगच वापरा.

ईटी

इथे पूर्ण अचूकता मिळत नाही, पण थोड्या माहितीत बरेच साधते. जागतिक अन्न व कृषी संघटनेची १९९८ सालची पेनमन-मॉन्टिथ पद्धत प्रमाण मानली जाते. तिला तापमान, आर्द्रता, वारा आणि सूर्यप्रकाश असे सगळे लागते. तापमान सोडून बाकीच्यांपैकी एखादा आकडा विश्वासाचा नसेल तर हारग्रीव्हज सूत्र घ्या. त्यातून संदर्भ ईटी, म्हणजे भरपूर पाणी मिळणाऱ्या गवताची ईटी, निघते आणि त्याला रोजचे कमाल-किमान तापमान आणि अक्षांश पुरतात:

संदर्भ ईटी (मिमी/दिन) = ०.००२३ × (सरासरी तापमान + १७.८) × √(कमाल − किमान) × वातावरणाबाहेरील सौरऊर्जा

सौरऊर्जेचा आकडा अक्षांश आणि महिन्यानुसार छापील तक्त्यात मिळतो. तो मिमी/दिन या एककात असल्याची खात्री करा. तक्त्यात मेगाज्यूल असतील तर ०.४०८ने गुणा. हा गुणाकार राहिला की उत्तर अडीचपट येते. कमाल ३४, किमान २० आणि सौरऊर्जा १५ असेल तर उत्तर सुमारे ५.८ मिमी येते. दमट हवेत हे सूत्र जास्त दाखवते आणि जोरदार वाऱ्याच्या भागात कमी.

ही झाली संदर्भ ईटी. तिला पीक-गुणांकाने (त्या पिकाची ईटी संदर्भ ईटीच्या किती पट, तो आकडा) गुणायचे, पण तेही ‘पाणी भरपूर असेल तर’ या अटीवरच. कोरडवाहू शेतात आणि गवताळ माळावर पावसाळ्यानंतर मातीत ओल नसते, तिथे खरी ईटी अगदी कमी होते. ही अट विसरल्यामुळेच अनेक ताळेबंदांत ईटी पावसापेक्षा जास्त निघते. महिनावार मातीच्या ओलाव्याचा साधा हिशेब ठेवा: मुळांच्या खोलीत मावणारे पाणी मिमीमध्ये धरा, पाऊस मिळवा, ईटी वजा करा, शून्याखाली जाऊ देऊ नका.

पीकक्षेत्रासाठी गावागावांतून तक्ते मागवण्याऐवजी सेंटिनेल-२ उपग्रहाची १० मीटर जाळीची, दर पाच दिवसांची मोफत चित्रे वापरा. सगळी पिके ओळखायची गरज नाही. बारमाही बागाईत, हंगामी बागाईत, कोरडवाहू, जंगल-गवत, पाणी, वस्ती हे सहा वर्ग पुरतात. ऐन कोरड्या महिन्यात हिरवे दिसते ते बागाईत किंवा सदाहरित झाडे, आणि हा एक भेदच ईटीच्या आकड्यात सर्वाधिक फरक पाडतो. प्रत्येक वर्गाची काही शेते प्रत्यक्ष जाऊन तपासा.

नदी

पाणलोटाच्या तोंडाशी पूल असेल तर त्याच्या खांबावर सेंटिमीटरची पट्टी रंगवा आणि रोज पातळी लिहा. प्रवाह मोजायला तरंगत्या वस्तूची पद्धत चालते. २० मीटर सरळ पात्रात ती २५ सेकंदांत गेली तर पृष्ठवेग ०.८ मीटर/सेकंद. त्याला ०.८५ने गुणून सरासरी वेग काढा, आडव्या छेदाने गुणा. ६ मीटर रुंद आणि सरासरी अर्धा मीटर खोल पात्रात हे सुमारे २ घनमीटर/सेकंद होते. वेगवेगळ्या पातळ्यांना अशी मोजणी करून पातळी-प्रवाह वक्र तयार होतो. मोठ्या पुरानंतर पात्र बदलते, तेव्हा वक्र पुन्हा तपासा.

लहान पाणलोटात वर्षाचे बरेच पाणी मोजक्या पुरांत निघून जाते, आणि रात्रीतून येऊन गेलेला पूर सकाळी आठच्या नोंदीत सापडतच नाही. स्वयंचलित पातळीमापक नसेल तर खांबाला छिद्रे असलेला उभा पाइप बसवा. आत एक लाकडी पट्टी आणि तळाशी बुचाच्या लाकडाचा भुगा ठेवा. पाणी चढते तसा भुगा वर येतो आणि ओसरताना पट्टीला सर्वात उंच पातळीवर चिकटून राहतो. ती खूण मोजायची, पट्टी पुसायची, परत लावायची. पुराचा माथा मिळतो. तो किती तास टिकला हे मात्र पावसाच्या नोंदीवरूनच ठरवावे लागते.

भूजल

निरीक्षण विहिरी माथ्यावर, उतारावर आणि दरीत, शिवाय प्रत्येक प्रकारच्या खडकात हव्यात. फक्त रस्त्याकडेच्या किंवा तलावाखालच्या विहिरी निवडल्या तर घट झाकली जाते. मोजणीआधी पंप काही तास, शक्यतो रात्रभर, बंद हवा. पोलादी टेपच्या शेवटच्या मीटरला खडू चोळून टेप विहिरीत सोडा आणि काठावरच्या कायमच्या खुणेवर एक पूर्ण आकडा धरा, समजा १५.०० मीटर. वर काढल्यावर खडू जिथपर्यंत ओला होऊन गडद झाला तो आकडा वाचा, समजा ०.३७. पाणी १४.६३ मीटरवर आहे. काठाची उंचीही एकदा मोजून ठेवा, नाहीतर कठडा नव्याने बांधला की पातळी एका रात्रीत घसरलेली दिसते.

विहीर कोरडी असेल तर रिकामी जागा सोडू नका. ‘कोरडी, तळ १८.२ मीटर’ असे लिहा. कोरड्या विहिरी सरासरीतून गळाल्या की उरतात त्या पाणी असलेल्या, आणि दुष्काळात सरासरी पातळी सुधारलेली दिसते. त्यामुळे सरासरी पातळीऐवजी प्रत्येक विहिरीतला बदल काढा आणि मग त्या बदलांची सरासरी घ्या.

पातळीतला बदल गुणिले क्षेत्र गुणिले स्पेसिफिक यील्ड, म्हणजे खडकातून निथळून खरोखर मिळणाऱ्या पाण्याचे प्रमाण, म्हणजे साठ्यातील बदल. कठीण बेसॉल्टमध्ये हे प्रमाण साधारण १ ते ३ टक्के, वाळूमिश्रित गाळात १० ते २० टक्के असते. म्हणून पातळी तेवढीच घटली तरी दोन ठिकाणची तूट दहापट वेगळी असू शकते. वरच्या उदाहरणात १.२ मीटर घट आणि २ टक्के धरून ९.६ दलघमी आले. स्पेसिफिक यील्डची चूक दरवर्षी त्याच बाजूला जाते, दहा वर्षांची सरासरी काढूनही ती पुसली जात नाही. पातळी घटते आहे हे खात्रीने सांगता येते. किती घनमीटर, हे सांगताना मर्यादा लिहावीच लागते.

ग्रेस उपग्रहांचे भूजलाचे आकडे (२००२ ते २०१७, आणि २०१८ पासून त्यांची पुढची जोडी) आकर्षक असतात, पण त्यांची नजर शेकडो किलोमीटरची आहे. एखाद्या लहान पाणलोटासाठी ते वापरू नयेत.

उपसा हवाच असेल तर प्रत्येक पंपाला मीटर लावण्याची वाट पाहू नका. एक घनमीटर पाणी उचलायला लागणारी वीज = ०.००२७२ × एकूण उचल (मीटर) ÷ पंपसंचाची कार्यक्षमता. ३० मीटर उचल आणि ४० टक्के कार्यक्षमता असेल तर सुमारे ०.२ युनिट, म्हणजे एका युनिटला जवळपास ५ घनमीटर. शेतीपंपांच्या फीडरची वीज मिळाली की उपशाचा अंदाज निघतो. वीस-तीस पंपांवर प्रत्यक्ष मोजून कार्यक्षमता तपासली तर हा अंदाज कामाचा होतो.

नोंदवही

सगळ्या घटकांसाठी एकच तक्ता ठेवा आणि प्रत्येक ओळीत एकच मोजणी लिहा: स्थळ क्रमांक, तारीख, घटक, मूल्य, एकक, पद्धत, खूण. खुणा तीनच: मोजलेले, काढलेले, अंदाज. महिने आडवे पसरलेले, रंगवलेले, जोडलेल्या चौकटींचे तक्ते छापायला बरे असतात, हिशेबाला नव्हेत. तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहा, नाहीतर ३ एप्रिल आणि ४ मार्च यांची सरमिसळ होते. स्थळांचा वेगळा तक्ता करून त्यात अक्षांश-रेखांश दशांशात पाच स्थळांपर्यंत द्या, म्हणजे जागा मीटरभराच्या फरकाने सापडते. विहिरींची नावे दोन खात्यांत वेगळी असतात, जागा एकच असते.

खात्यांकडे मागताना हाच रिकामा तक्ता पाठवा, आणि सरासरी किंवा टक्केवारी न मागता मूळ नोंदी मागा.

एका वर्षाच्या ताळेबंदावर निर्णय घेऊ नये. कॅलिफोर्नियाच्या २०१४च्या भूजल कायद्याखालील नियमांत मागील किमान १० वर्षांचा ताळेबंद आणि भविष्याच्या अंदाजासाठी ५० वर्षांच्या जलहवामानाचा आधार मागितला जातो. १० वर्षे हा किमान आकडा कुठेही धरण्यासारखा आहे, मात्र त्यांत ओली, मध्यम आणि कोरडी अशी तिन्ही प्रकारची वर्षे असावीत.

फरक शून्यावर आणण्यासाठी ‘इतर’ नावाची ओळ घालू नका. फरक त्याच्या चिन्हासकट छापा. तो सलग चार-पाच वर्षे एकाच चिन्हाचा राहिला तर एखादी आवक किंवा जावक राहून गेली आहे किंवा एखादा आकडा सतत एकाच बाजूला चुकतो आहे: हद्दीखालून सरकणारे भूजल, दुसऱ्या खोऱ्यात जाणारी नळयोजना, ईटीचा चढा गुणांक. चिन्ह वर्षागणिक बदलत असेल तर तो बहुधा मोजणीतला चढउतार आहे. आणि पुढे पद्धत सुधारली की मागची सगळी वर्षे नव्या पद्धतीने पुन्हा काढा. अर्धी वर्षे जुन्या आणि अर्धी नव्या सूत्राने काढली तर मधल्या सांध्यावर दिसणारा बदल पाण्यातला नसतो.